कशावरून मॅडम

फिजिक्सच्या मॅडम कुठल्याच गोष्टीला 'कायम' म्हणू देत नसत. आम्ही फळ्यावर स्थिरांक लिहिला की मागून आवाज यायचा, "स्थिर कशावरून?" वसमतच्या आमच्या कॉलेजात त्यांचं नावच 'कशावरून मॅडम' पडलं होतं.

त्या जवळच्या हट्टा गावाहून एसटीनं येत. नव्वदचं दशक संपता संपता बातमी आली की विश्वाचं प्रसरण मंदावत नाही, उलट वेग घेतंय. कुठलीतरी कृष्ण ऊर्जा त्याला ढकलतेय. दुसऱ्या दिवशी मॅडमनी परकराचं इलॅस्टिक आणलं, त्यावर शाईचे ठिपके काढले आणि मला न् आणखी एकीला दोन टोकं धरून ओढायला लावलं.

"हा जोर असाच राहिला, तर एकेक दीर्घिका नजरेआड होईल. पण काळाबरोबर तो ओसरत असला तर? कदाचित सगळं पुन्हा जवळही येईल."

इतकं बोलून त्या स्वतःशीच हसल्या. त्यांना हेच शोधायचं होतं. पुण्याला संशोधनासाठी निवडही झाली. बॅग भरली आणि त्याच आठवड्यात वडिलांना लकवा मारला. आई आधीच गेलेली. नाशिकचा भाऊ येऊन बघून गेला.

"जाय तू पोरी. माझ्यापायी काहून थांबतीस?" वडील जड जिभेनं म्हणायचे.

"जाते की बाबा, पुढच्या वर्षी."

पुण्याच्या सरांनी दोन वर्षं वाट पाहिली, मग जागा दुसऱ्याला दिली. वडील पुढंही बरीच वर्षं अंथरुणावर जगले. ते गेले तोवर साखरेच्या आजारानं मॅडमचे दोन्ही डोळे नेले होते.

मी तेव्हा त्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवू लागले होते. रविवारी हट्ट्याला जाऊन त्यांना वाचून दाखवायचे. एकदा नव्या मोजमापांबद्दलचा लेख मिळाला. जोर आजवर एकसारखाच दिसतो. बदलत असेलही, पण ते सांगण्याइतकी मोजणी बारीक नाही, असं त्यात होतं.

मॅडम वर्गात कधी न बोललेल्या घरच्या बोलीत म्हणाल्या, "म्हंजे आपल्या हयातीत कळायचं न्हाई. पुढं नको वाचू, बाई."

नंतर त्यांनी काही वाचायला सांगितलंच नाही. मी जायचे, चहा व्हायचा, मॅडम पोरांच्या निकालाचं विचारायच्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

त्यांची जागा भरली गेली नाही. फिजिक्स आता गणिताचे सर उरकतात. विश्वाच्या प्रसरणाचं पान आलं की ते सरळ उलटतात. परीक्षेला येत नाही.