दिवा, पंखा आणि अण्णांचा फोटो

वडील गेल्यावर लक्षात आलं की घरात त्यांचा एकही धड फोटो नाही. अण्णांना फोटोचा तिटकारा होता. कॅमेरा दिसला की ते चप्पल शोधायला खाली वाकायचे. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये त्यांच्या पाठीचे, टाळूचे आणि एका कोपराचे उत्तम फोटो आहेत. चेहरा नाही.

तेराव्याला भिंतीवर लावायला चेहरा तर हवा. शेवटी थोरल्या बहिणीच्या लग्नातला एक फोटो सापडला. अण्णा पंगतीत मठ्ठा वाढताहेत, तोंड करंगळीच्या नखाएवढं, आणि कुणाच्या तरी फेट्याचा शेमला त्यांच्या कानावरून गेलेला. मी कॉलेजात इतिहास शिकवते. जुन्या कागदांचे फोटो साफ करायला घरी कॉम्प्युटर घेतलेला होता, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मला ते बरंच वाटलं. भेटायला येणाऱ्यांशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं, आणि त्यांच्याकडे पाठ करून बसायला हे सभ्य कारण होतं.

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. अण्णा गेले तेही त्याच खोलीत, म्हणून तिथेच दिवा लावलेला. तेराव्यापर्यंत तो विझता कामा नये. दिव्याचा ताबा कुंभारीहून आलेल्या आत्याने, म्हणजे अण्णांच्या मोठ्या बहिणीने घेतला आणि पहिलं काम केलं ते छताचा पंखा बंद करण्याचं. सोलापुरातला एप्रिल. माणसं वर्तमानपत्राने वारा घ्यायची, तर आत्या तिथेही लक्ष ठेवून.

"तिकडं तोंड करून हलवा की. दिव्याकडं नगं."

तेराव्याचा निरोप मी टाइप केला, काही झालं नाही. फोटो उघडला, काही झालं नाही. पण चेहरा मोठा आणि स्वच्छ करायला सांगितलं की मशीन घरघरायला लागायचं, कपाळापासून खाली सरकत डोळ्यांपर्यंत काम यायचं आणि स्क्रीन काळी व्हायची. पुन्हा सुरू केलं, पुन्हा डोळ्यांपाशी काळी.

वाचणारी माणसं करतात तेच मी केलं, म्हणजे वाचलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घातला. प्रोग्रॅम काढून परत टाकला. रॅम उपसून खोडरबराने घासून पुन्हा बसवली. अण्णा डोळ्यांच्या पुढे येईनात.

मग नातेपुत्याहून दाजी आले, थोरल्या बहिणीचे यजमान. यंत्र कुठलंही असो, दाजींना त्यात शेतातली पाण्याची मोटारच दिसते.

"मेव्हणीबाई, व्होल्टेज. आमच्या मोटारीचंबी असंच हुतं."

ते बाजारातून स्टॅबिलायझर घेऊन आले. मशीन बंद पडलं, स्टॅबिलायझरचा हिरवा दिवा चालू राहिला. "बघा, माल चांगला दिलाय," दाजी म्हणाले.

आत्याचं निदान वेगळं होतं. "त्येलाच नगं असंल. जित्तेपणी फोटूत तोंड दावलं न्हाय, आता दावतोय व्हय?"

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी पुढच्या वेळी बटण दाबताना मी हळूच म्हटलं, "अण्णा, एकदाच."

नाही म्हणजे नाही.

वायर सैल असेल म्हणून मी मशीनच्या मागे हात घातला, तो मऊ काहीतरी लागलं. चादर. चांगली चौघडी घालून मागच्या जाळीवर गच्च दाबलेली, आणि नुकती इस्त्री केल्यासारखी गरम.

"आत्या, हे काय?"

"चादर हाय. मीच लावली. तुज्या डब्यातनं वारं येतंय, दिवा फडफडतोय की."

टाइप करताना मशीन फारसं तापत नाही. फोटोवर काम करताना तापतं, आणि त्याची गरम हवा बाहेर पडायची वाटच आत्याने बुजवलेली. जीव वाचवायला ते आपणहून बंद होत होतं. बिनपंख्याच्या त्याच खोलीत आमचीही तीच गत होती, पण कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चादर काढून मशीन सुरू केलं, तर दिव्याची ज्योत आडवी झाली. आत्याने ताबडतोब ज्योतीभोवती दोन्ही हात धरले. "दिवा इजला तर त्येनं अंधारातनं जायाचं का?"

मग मशीनच दुसरीकडे न्यायचं ठरवलं. सुतकात आमच्याकडे चूल पेटत नाही, जेवण भावकीतून येतं. स्वयंपाकघर रिकामंच होतं. दाजींनी मोटार उचलावी तसं मशीन खांद्यावर घेतलं, ओट्यावर ठेवलं, मी मिक्सरच्या प्लगमध्ये पिन घातली आणि वरचा पंखा पूर्ण सोडला. काम डोळ्यांपर्यंत आलं, डोळ्यांच्या पुढे गेलं, संपलं.

"मी म्हनलं नव्हतं? व्होल्टेजच," दाजी म्हणाले. "किचनची लाईन येगळी असती."

स्क्रीनवर अण्णा होते. शेमला गेलेला, चेहरा लख्ख. मी आत्याला बोलावलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"ह्यो कोन?"

"अण्णा."

"मग खोक कुटं गेली?"

अण्णांच्या डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण होता. प्रोग्रॅमने तो डाग समजून पुसला होता. मी म्हटलं, "स्वच्छ दिसतंय की कपाळ."

"मी मारल्याली खोक हाय ती. शेरडं राखताना धोंडा घातला हुता त्येला. आईनं लई बडवलं मला. ती काय पुसायची गोष्ट हाय व्हय?"

डाग काढायची सोय बंद करून मी काम पुन्हा लावलं. आत्या दिव्याकडे परत गेली नाही. तिने दाजींना तिकडे बसवलं आणि स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली. हळूहळू व्रण आला. त्याच्याबरोबर सुरकुत्या आल्या, आणि कॅमेरा दिसल्यावरची ती वैतागाची छटाही आली. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा रडू फुटलं. आत्या डोळ्यांना पदर लावून एवढंच म्हणाली, "आता त्यो हाय."

तेराव्याला फोटो भिंतीवर लागला. आत्या त्याच्या शेजारी उभी राहिली. फूल वाहायला कुणी पुढे आलं की ती आधी भुवईवर बोट ठेवायची आणि ते काम कुणाचं ते सांगायची. आलेला प्रत्येक माणूस पहिल्यांदा खोक नीट बघून घ्यायचा, मग हात जोडायचा.