सरळ सहा की व्ही-आठ

"घोडे मोजू नका हो, ओढ बघा," असं म्हणत आमचे सर समोरच्याच्या खांद्यावर तळहात दाबायचे. इंजिनाची ताकद हॉर्सपॉवरमध्ये सांगणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागे. पुढे पुढे ते हे कशालाही लावू लागले. भाच्याचे मार्क, मेहुण्याचा फ्लॅट, माझं प्रमोशन. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. आपण त्याच्या नावानं बोटं मोडतो आणि जेवायला मात्र त्याच्याच टेबलावर जाऊन बसतो.

ते मूळचे पुण्याचे, दुबईतल्या आमच्या कंपनीत डिझेल इंजिनांचे इंजिनीअर. मी त्याच विभागात सेल्सला. दोघांची बिऱ्हाडं डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, त्यामुळे सकाळी त्यांच्या गाडीतून जाणं ठरलेलं. त्या गाडीत कधी गाणी लागली नाहीत. कायम ट्रक पुलिंगच्या गप्पा.

ट्रकच्या मागे एक जड लोखंडी स्लेड, म्हणजे घसरगाडी, जोडायचं आणि ओढायचं, इतकाच तो खेळ. ट्रक पुढे जाईल तसं स्लेडवरचं वजन पुढे सरकतं आणि स्लेड जमिनीत रुतू लागतं. जो जास्त लांब ओढेल तो जिंकला. अमेरिकेतल्या या शर्यतींचे व्हिडिओ ते लंच टाइममध्ये बघत, आणि कुठलं इंजिन बरं याचा खल करत. एका ओळीत सहा सिलिंडरवालं, की दोन ओळींत चार-चार असलेलं व्ही-आठ?

एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो तर टेबलावर सहा वाट्या एका रांगेत मांडून झाल्या होत्या.

"हे बघ, सरळ सहा. इथे प्रत्येक सुनेला, म्हणजे पिस्टनला, क्रँकवर स्वतंत्र ओटा. आणि व्ही-आठमध्ये एका ओट्यावर दोन सुना. जोर लावायची वेळ आली की धक्काबुक्की होणारच."

"माझ्या एका ओट्यावरची आमटी गार होतेय," वहिनी म्हणाल्या.

"बाबा, नो वन केअर्स," मुलगी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली.

ते मनापासून हसले आणि आमटीच्या वाट्या व्हीच्या आकारात मांडू लागले.

आमची कंपनी व्ही-आठ विकायची, हे सांगायचं राहिलंच.

मग दोन हजार आठची मंदी आली. आमची इंजिनं जायची क्रेनना आणि जनरेटरना. क्रेन जागच्या जागी थांबल्या. ऑफिसात रोज कुणाच्या तरी हातात नोकरी गेल्याचं पत्र पडे आणि बाकीचे मान खाली घालून की-बोर्ड बडवत राहत. पहिल्या पत्राला आम्ही सगळे हळहळलो. नंतर नंतर नुसतं विचारायचो, आज कोण? वाईट वाटायचं बंद झालं होतं.

अशात एक गिऱ्हाईक आलं. स्थानिक अरब, अमेरिकेत शिकलेला. खोर फक्कानच्या रस्त्याला त्याचं शेत होतं. तिथे मित्रांबरोबर ट्रक पुलिंगची शर्यत लावायची म्हणून त्याला ट्रकसाठी इंजिन हवं होतं. ते पसंत पडलं तर घरच्या कंपनीच्या सगळ्या ट्रकांना आमचीच इंजिनं. मॅनेजरनं आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "ये ऑर्डर आया तो डिपार्टमेंट बचेगा. नहीं तो खलास."

वाटेत मी त्यांना दोनदा बजावलं, "सर, सरळ सहाचं नाव काढायचं नाही."

"नाही काढत रे बाबा."

त्याच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर बसलो. तिथे कहव्याचा छोटा कप रिकामा झाला की तो जरा हलवून परत द्यायचा, म्हणजे पुरे. नाही हलवला तर पुन्हा भरतात. इतकी वर्षं दुबईत काढून हे त्यांच्या गावी नव्हतं. नको म्हणणं बरं दिसत नाही म्हणून ते पीत राहिले, आणि कप हातात आहे तोवर बोलत राहिले. पण खरोखर फक्त व्ही-आठबद्दल बोलले. मला वाटलं, जमलं.

गिऱ्हाइकानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मुहन्दिस, ये तुम्हारा ट्रक है, तो तुम कौन सा लगायेगा?"

मुहन्दिस म्हणजे इंजिनीअर. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"स्ट्रेट सिक्स," ते म्हणाले. "वो हमारे पास नहीं है."

 परतताना गाडीत ते म्हणाले, "त्यानं माझा ट्रक म्हटलं रे. मी काय करणार?"

विभाग बंद झाला. त्यांना पत्र मिळालं, मला स्पेअर पार्ट्समध्ये ढकललं. मुलीची शाळा अर्ध्यावर सोडवून ते पुण्याला गेले. त्यांचा फ्रिज माझ्या घरी आला. एअरपोर्टवर वहिनी रडल्या, माझी बायको रडली. मला काहीच वाटलं नाही. पार्किंगचं तिकीट कुठे ठेवलं तेच मी शोधत होतो.

पुढच्या हिवाळ्यात शर्यत झाली. त्या गिऱ्हाइकानं आठवणीनं बोलावलं म्हणून गेलो. त्याचा सरळ सहावाला ट्रक निम्म्या वाटेवर रुतून बसला. त्याच्या मित्राचा व्ही-आठ शेवटपर्यंत गेला.

मी तिथूनच पुण्याला फोन लावला. सांगू की नको असं झालं होतं, तरी सांगितलं.

त्यांनी लगेच विचारलं, "जमीन कशी आहे रे तिथली?"

"वाळू. पाणी मारून दाबलेली."

"अरे देवा!" आणि ते हसायलाच लागले. "ते व्हिडिओ सगळे चिकणमातीवरचे! वाळूत चाक गरगर फिरायला हवं, नाहीतर रुतणारच. तिथे झटकन वेग घेणारं व्ही-आठच बरं. इतकी वर्षं वाळूत राहिलो आणि हिशेब केला मातीचा!" त्यांचा आवाज नुसता खुलला होता. मग म्हणाले, "आता एक कर. त्याला जाऊन सांग, मुहन्दिस चुकला. व्ही-आठ बसवून घ्या म्हणावं."

"सर, आपला विभाग आता नाहीये."

"म्हणून काय झालं? दुसरीकडून घेईल. त्याचा ट्रक अडलाय ना तिकडे! सांगशील ना?"

मी गेलो आणि सांगितलं. गिऱ्हाइकानं ऐकलं, मान हलवली आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला.

घरी येऊन मी बूट काढायला खाली बसलो आणि मला रडू फुटलं. किती तरी महिन्यांचं ते एकदम आलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. माझा चेहरा बघून ती तिथेच भिंतीला टेकली आणि हळूच म्हणाली, "तुझंपण पत्र आलं का रे?"