तोच लॅपटॉप

व्हिडिओ एडिट करताना जुना लॅपटॉप सारखा बंद पडू लागला, म्हणून मी चांगला दमदार लॅपटॉप बघायला नेहमीच्या दुकानात गेले. दुकानदारानं एक उघडून दाखवला. "हाच घ्या मॅडम. तुमच्या सुहाससरांनी गेल्याच आठवड्यात नेला. नावाड्यांवरची फिल्म पूर्ण करायचीय म्हणाले."

सुहास माझा बारा वर्षांचा भागीदार. ती फिल्म आम्ही दोघांनी मिळून चित्रित केलेली. "आता सोडून देऊ, आपल्याच्यानं होणार नाही," असं महिन्यापूर्वी त्यानंच सांगितलं, तेव्हा मी त्याच्यासमोर रडले होते.

यंत्र दगा देण्याआधी निदान कुरकुरतं तरी. सुहासनं तर त्या दिवशी माझी समजूत काढत मला चहा पाजला होता.

"मग, देऊ हाच?"

"द्या," मी म्हणाले. चित्रीकरणाची एक प्रत माझ्याकडेही होती.