रावजीनं राखलेलं रान

रावजीला या आठवड्यात भारतात परत पाठवतील का, हे मला कुणी नीट सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही. मुलं केव्हाच झोपली. झोपायला जाताना ह्युबर्ट म्हणाले, "लुर्डस, तो आपला कोण? त्याचा पासपोर्ट त्याच्या मालकाकडे, नजीबकडे, त्याची भाकरीही नजीबकडे. तू कशाला जीव टांगणीला लावतेस?"

खरं आहे, रावजी आमचा कुणी नाही. पण माझ्या रेजिनाला पावडरचं दूध पचेना तेव्हापासून हा माणूस रोज सकाळी किटलीत शेळीचं दूध घेऊन आमच्या दारात येतो. काही दिवस सकाळी आला नाही, तर ती विचारत होती, "मम्मी, व्हाय रावजी अंकल नॉट कमिंग?" मी काय सांगणार?

रावजी माण तालुक्यातला, मेंढरांमागे वाढलेला. शहात्तर साली बहारीनला आला तो पाइपलाइनचे चर खणायला. काम संपलं, टोळी परत गेली. हा मात्र इथे सनद गावात नजीबमास्तरांच्या शेळ्या राखायला राहिला. "कुदळ मारायला आलो, आन् परत काठीच हातात आली, ताई," असं हसून सांगतो. गावाकडे बायको शेवंती आणि दोन मुलं. शेळ्यांशी तो मराठीतच बोलतो, आणि आता त्या दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. मास्तर इथलेच, शाळेत शिकवतात, हिंदीही बोलतात; माणूस थट्टेखोर. भारतातल्या माणसाला इथे 'हिंदी'च म्हणतात. एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "मेरी बकरी को भी तुमने हिंदी बना दिया. अब इसका भी वीज़ा निकालो." मी अर्थ सांगितला, तसा रावजी लगेच मला म्हणाला, "मग तिला बी दोन वर्सांनी रजा द्या म्हणावं."

सनद आणि शेजारचं रिफा यांच्या मधे मोकळं रान आहे. हिवाळ्यात चार सरी पडल्या की थोडे दिवस ते हिरवं होतं. गावातले लोक पूर्वीपासून तिथे शेळ्यामेंढ्या सोडतात. संध्याकाळी बायका चहाचा थर्मास घेऊन बसतात, मुलं हुंदडतात. आमचीही. मागच्या वर्षी कळलं, तिथे बंगले बांधायचं चाललंय. मास्तरांनी घरोघर फिरून लोकांना एकत्र केलं. रान चराईसाठी मोकळं ठेवा, अशी मागणी गावानं सरकारकडे केली. उत्तर आलं की तिथे खरंच जनावरं चरतात का, हे सरकारी साहेब येऊन पाहतील. मग गावानं ठरवलं, सगळ्या घरांची जनावरं एकत्र करून रोज त्याच रानात चारायची. कळप रावजीच्या हाती दिला.

गेल्या मंगळवारी साहेब आले. रान हिरवंगार होतं आणि त्यात एकही शेळी नव्हती. लेंडी नाही, खुराचा ठसा नाही. "इथे कुणी चारत नाही," म्हणून ते गाडीत बसले आणि गेले. रावजी सगळी जनावरं कित्येक दिवस रस्त्यापलीकडच्या खडकाळ माळावर नेत होता. मास्तरांनी त्याच्या हातातली काठी काढून घेतली. "खलास," एवढंच म्हणाले.

गावात आता एकच बोललं जातंय, की रावजी बंगलेवाल्यांना फितला. त्यांच्या पिकअपमधून उतरताना त्याला दोघांनी पाहिलंय.

आज दुपारी तो येऊन पायरीवर बसला. मी सरळच विचारलं, "असं का केलंस, रावजी?"

"आता तुमी बी, ताई?" तो म्हणाला. "आवं, सायेब बघायला येनार म्हणून तर रान राखलं. आमच्याकडं कुरण दाखवायचं म्हंजी गवत उभं पायजे. चारून बोडकं केल्यालं कोन बघंल?"

"पण त्यांना जनावरं चरतानाच दाखवायची होती. मास्तरांनी रोज तिथेच चारायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं हुतं. मी म्हणलं, रोज चारलं तर सायेब येस्तोवर संपंल. मास्तरला शाळंतलं कळतंय, गवतातलं काय कळतंय? आपन राखू."

"आणि ती पिकअप?"

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "गुडघा दुखत हुता. त्यांनी बस म्हणलं, बसलो."

तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. वसईला माझे वडील गवताचं रान असंच राखत. कापणी होईपर्यंत आम्हा मुलांना आत पाय टाकू देत नसत. म्हणून रावजीचं मला पटतं. पण पिकअपचं विचारल्यावर तो गप्प का झाला? आणि सांगितलेलं ऐकलं नाही, हे तर तो स्वतःच कबूल करतो. त्यानं राखलेलं गवत या उन्हानं आताच पिवळं पडायला लागलंय. ते ना शेळ्यांच्या पोटात गेलं, ना गावाच्या कामी आलं. उद्या तिथे भिंती उभ्या राहिल्या तर मुलांना मी कुठे नेणार? त्याच्यावर चिडावं म्हटलं तर चिडता येत नाही, आणि त्याची बाजू घ्यावी तर बंगलेवाल्यांचा माणूसच दारात बसला होता की काय, ही शंका जात नाही. शेवंतीला तो कुठलं तोंड घेऊन भेटेल, हेही मधूनच मनात येतं. ह्युबर्ट म्हणतात, इथल्यांच्या जमिनीच्या भानगडीत आपण पडायचं नाही, आपणही इथे व्हिसावरच आहोत. तेही बरोबरच.

पण रावजीला अजून कुणी विचारलेलंच नाही. मास्तरांनी विचारलं असतं तरी त्याची हिंदी आओ, जाओ, पानीच्या पुढे जात नाही. रान राखणं म्हणजे काय, हे तो त्यांना कुठल्या शब्दांत सांगणार? आणि मास्तरांना ते कळलं, तर रानात जनावरं का दिसली नाहीत हे ते साहेबांना सांगू शकतील, पुन्हा या म्हणू शकतील. तो खरं बोलतोय की नाही, हे मला अजूनही ठाऊक नाही. तो जे बोलेल ते, पिकअपसकट, मी फक्त हिंदीत सांगेन.

मास्तर पहाटे नमाजाला उठतात. ह्युबर्ट उठायच्या आत मी त्यांना फोन करणार आहे. म्हणणार आहे, परतीचं तिकीट काढायच्या आधी रावजीला माझ्यासमोर बसवा.