यांकुबाच्या दारावरची पाटी

रॉयटलिंगेन या जर्मन शहरातल्या आमच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं आणि एक लाकडी पाटी. ज्याच्या दाराला पाटी, त्याने आठवडाभर जिना पुसायचा. शनिवारी ती पुढच्या दाराला अडकवायची. चोंबडी म्हणा मला, पण तीस वर्षांत माझ्या नजरेखाली कुणाची पाळी चुकलेली नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा यांकुबा सान्ने गाम्बियाचा, पावाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. जिना असा लख्ख पुसायचा की मी म्हणायची, "अरे, थोडी घाण ठेव, आमची अब्रू जाते." तो खो खो हसायचा.

मार्चमध्ये हसू बंद झालं. मला वाटलं, एखादीने नकार दिला असेल. शनिवारी सकाळी सहाला पाटी द्यायच्या निमित्ताने, गंमत म्हणून मी त्याची बेल दाबून धरली. दार उघडलं. अंगात कोट, पायात बूट, हातात पिशवी, ओठ पांढरेफटक.

"अरे, मी आयझेलेबाई!"

"बाई, बेल नका वाजवू. टकटक करत जा."

मग त्याने पत्र दाखवलं. आश्रयाचा अर्ज फेटाळला, म्हणून त्याने मुदतीत कोर्टात अपील केलं होतं. प्रतीवर कोर्टाचा शिक्का होता. आणि गावातली परदेशी लोकांची कचेरी लिहीत होती, 'अपील नाही, निर्णय कायम, देश सोडा.' नाही सोडला तर पोलीस येतात. पहाटे येतात, कधी ते सांगत नाहीत. म्हणून हा रोज चारला बूट चढवून बसायचा.

मी त्याला घेऊन कोर्टात गेले. तिथली कारकून म्हणाली, "अपील आहे. आम्ही वरच्या खात्याला कळवलंय." कचेरीतला साहेब म्हणाला, "वरच्या खात्याने आम्हाला नाही कळवलं."

"हा बघा शिक्का."

"कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसायला हवं."

"आणि दिसेपर्यंत?"

त्याने प्रत एका ट्रेमध्ये ठेवली. "नोंद होईल."

"पोलीस यायच्या आधी की नंतर?"

"ते खातं वेगळं, बाई."

"आमच्याकडे सहा दारांना एक पाटी पुरते. तुम्ही तीन कचेऱ्या, आणि पाटी एकीकडेही नाही!"

साहेब हसला नाही. यांकुबाही नाही. बाहेर आल्यावर त्याने फक्त मला हात धरू दिला. तो हात थंडगार होता.

मग मी एक लबाडी केली. कोर्टाकडून अपिलाच्या नंबराचं, शिक्क्याचं पत्र आणलं, पाटीवर चिकटवलं आणि पाटी यांकुबाच्या दाराला अडकवली. शनिवार आला, गेला. मी ती हलवू दिली नाही. खालचा फ्रीडोलिन म्हातारा कुरकुरला, "पाळी सारखी त्याचीच कशी?"

"तुझ्यापेक्षा बरा पुसतो म्हणून!"

चौथ्या मंगळवारी, उजाडता उजाडता, जिन्यात जड बूट वाजले. झग्यावरच वर धावले. दोन पोलीस दारासमोर उभे होते. त्यांतल्या बाईचा हात बेलपर्यंत गेला होता, पण ती पाटी वाचत होती.

"हे काय आहे?"

"तुमच्या पडद्यावर नसलेलं," मी म्हटलं.

तिने फोन लावला. नंबर वाचला. पुन्हा वाचला. तेवढ्यात दार उघडलं. यांकुबा पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसला. वीस मिनिटं मी फक्त त्याच्या बुटांच्या नाड्या बघत होते. दुहेरी गाठ होती.

फोन वाजला. तिने ऐकलं, मान हलवली. "आज नाही. कोर्टाकडून खात्री झाली तर फाईल थांबेल."

शुक्रवारी कचेरीचं पत्र आलं: अपिलाची नोंद झाली, निकालापर्यंत राहायला परवानगी. निकाल कधी, ते कुणालाच ठाऊक नाही.

"चल, आता पाटी दे," मी म्हटलं.

"बाई, अजून एक आठवडा राहू दे."

त्याला आता सहा महिने झाले. पाटी त्याच्याच दाराला, पण जिना मीच पुसते. टकटक करून दार उघडायला लावते, तर तो बूट घालूनच येतो, खाली जिन्याकडे बघतो आणि म्हणतो, "कोपरा राहिला, बाई."