बाईंचा टुंड्रा प्रदेश

आमच्या घरात कुठलीही सहल आधी टीव्हीवर होते. नवरा लॅपटॉप टीव्हीला जोडतो, नकाशा पसरतो आणि सोफ्यावर बसल्या बसल्या सगळ्यांना घेऊन निघतो. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज करतात त्याच पद्धतीने तो सुट्टी आखतो. सुट्टीला फेज असतात, रिस्क असतात आणि प्रत्येक गोष्टीला बफर असतो. मीही त्याच धंद्यातली, त्यामुळे घरी तरी मला हे सगळं नको असतं. एरवी मी उठून भांडी घासायला जाते. त्या वर्षी मात्र बसून राहिले, कारण नकाशाच्या अगदी समोर, खुर्ची पुढे ओढून, माझी आई बसली होती.

आई मार्चमध्ये नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत आली होती. सिअॅटलजवळच्या आमच्या रेडमंडमध्ये तेव्हा पाऊस पडत नाही, तो नुसता हवेत असतो. नागपूरच्या माणसाला त्याचा उबग येतो. आई खिडकीशी उभी राहून "आज तरी उघडेल का गं?" असं विचारायची आणि मी कामातून डोकं वर न काढता "हो" म्हणायचे. एका संध्याकाळी नवऱ्याने नकाशा उघडला आणि बोटाने रेघ ओढली. आमच्या घरापासून वर कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातून युकॉन, आणि तिथून अलास्कातलं फेअरबँक्स. भाड्याने आरव्ही घ्यायची, म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं.

"त्याच्याही वर काय आहे?" आईने विचारलं.

"वर काहीच नाही आई. ओसाड. टुंड्रा."

आई खुर्ची घेऊन पुढे सरकली ती तेव्हा.

ती नागपूरच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवायची. माझं सगळं शिक्षण त्याच शाळेत झालं. वर्गात तिला आई म्हणायची मला बंदी होती. इतर मुलींसारखं मीही "बाई" म्हणायचं, हात वर करून उभं राहायचं आणि घरी आल्यावर त्याबद्दल तक्रार करायची नाही. नोकरीभर दरवर्षी तिने टुंड्रा प्रदेश शिकवला. फळ्यावर खडूने पृथ्वी काढायची, तिला तिरकी कलवायची आणि उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत कसा नाही ते दाखवायची. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली होती, "बाई, तुम्ही पाहिलंय?" वर्ग हसला. आईही हसली. म्हणाली, "अगं, मी अजून मुंबई धड पाहिली नाही." पण घरी येताना सायकल हातात धरून ती माझ्याबरोबर चालत आली, सायकलवर बसलीच नाही. हे मला आठवतं.

आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती, गुडघे कुरकुरत होते, आणि जावई टीव्हीवर टुंड्रा दाखवत होता. "मला तिथे न्याल?" असं ती म्हणाली नाही. तसं म्हणणं तिच्या स्वभावात नाही. तिने फक्त विचारलं, "त्या गाडीत जिना चढावा लागतो का?"

मग सगळं तिच्याभोवती आखलं जाऊ लागलं. आरव्ही बघायला आम्ही गेलो तेव्हा तिने आतलं प्रत्येक कपाट उघडून पाहिलं, शेगडीवर तवा बसेल का ते वितीने मोजलं आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर चढून आडवी झाली. खाली उतरवायला आम्ही तिघं लागलो. माझी मुलगी, जी कॉलेजला जायच्या बेतात होती आणि आमच्याबरोबर कुठेही यायला नाक मुरडत होती, ती म्हणाली, "आजी गेट्स द टॉप बंक. आय कॉल बॉटम." म्हणजे तीही येणार होती. घरी येऊन आईने भाजणी भाजायला घेतली. डाळी, फळं, लोणचं सीमेवर चालेल की नाही यावर रोज रात्री जेवताना खल चालायचा. नवरा एकेक नियम वाचून दाखवायचा आणि आई एकेक बरणी बाजूला काढायची.

नवऱ्याचंही त्या रेघेत काहीतरी अडकलेलं होतं, आणि ते अलास्का नव्हतं. ती सीमा होती. कॅनडा आमच्या घरापासून तीन तासांच्या आत आहे. पण वर्षानुवर्षं आम्ही नोकरीच्या व्हिसावर होतो. बाहेर पडलो आणि परत येताना शिक्का मिळाला नाही तर घर, नोकरी, मुलीची शाळा सगळं इकडे आणि आपण तिकडे, ही भीती. व्हँकुव्हरला कुणाचं लग्न असलं की आम्ही आहेर पाठवायचो. त्याच्या ग्रीन कार्डाची रांग इतकी लांबली की तो त्याबद्दल विनोदही करेनासा झाला होता. आदल्या वर्षी एकदाचं ते हाती आलं. त्याला आता गाडीने सीमेवर जायचं होतं, काच खाली करायची होती आणि न घाबरता कार्ड पुढे करायचं होतं. विमानाने अलास्का गाठणं त्याच्या हिशोबी अलास्का नव्हतंच.

बुद्धपौर्णिमेला दरवर्षीप्रमाणे आमच्याकडे मंडळी जमली. वंदना झाली, खीर वाटली गेली. आईने सगळ्यांना आरव्हीतल्या शेगडीचं वर्णन ऐकवलं. तेव्हा शेजारच्या बेलव्ह्यूच्या एका काकूंनी वाटी खाली ठेवत अगदी सहज विचारलं, "आणि मावशींचा कॅनडाचा व्हिसा किती दिवसांत आला हो?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता.

आईचा कॅनडाचा व्हिसा काढायला हवा हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही, ज्यांनी अर्धं आयुष्य व्हिसा सोडून दुसरा विषय काढला नाही. आमची कार्डं आली, कॅनडाला जायला आम्हाला व्हिसा लागेनासा झाला आणि आम्हाला वाटलं, घरावरचा तो विषय संपला. आई अमेरिकेचा शिक्का घेऊन आलेली पाहुणी आहे, काल आपण जिथे उभे होतो तिथे आज ती उभी आहे, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. बफर प्रत्येक गोष्टीला होता. पंक्चरला होता, अस्वलाला होता. मला स्वतःचा इतका राग आला की उरलेली खीर मी कुणाला न विचारता डब्यात भरून टाकली.

मंडळी गेल्यावर नवऱ्याने लॅपटॉप उघडला. अर्ज, बोटांचे ठसे, पासपोर्ट पाठवणं. जूनअखेर आम्ही निघायच्या आत होईल असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि सप्टेंबरात आईला परत जायचं होतं. त्याने स्क्रीन मिटली.

"कॅन्सल करू यार," तो मला म्हणाला. "पुढच्या वर्षी करू. नीट."

"पुढच्या वर्षी" हे शब्द चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईसमोर किती हलकेपणाने बोलले जातात! मी काही बोलणार एवढ्यात मुलगी जिन्यावरून म्हणाली, "व्हाय कान्ट आजी जस्ट फ्लाय? अलास्का इज अमेरिका."

मग वाद सुरू झाला. सगळेच विमानाने जाऊ आणि आरव्ही तिकडे घेऊ, असं मी म्हटलं. नवरा हो म्हणाला, पण ज्या आवाजात तो कामावर बॉसला हो म्हणतो त्या आवाजात. मी आईबरोबर विमानाने जाते, असंही मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला की इतकं अंतर एकट्याने ड्राइव्ह करणं धोक्याचं आहे, आणि ते खरं होतं. आई ऐकत होती. बरण्यांवरचं फडकं तिने सोडवलं, पुन्हा बांधलं.

"काहून रद्द करता?" ती शेवटी जावयाला म्हणाली. "तुम्ही तिघं गाडीने जा. तुम्हाला ती सीमा ओलांडायची आहे, मला दिसतं ना. तुम्ही पोचलात की मी विमानाने येते."

"एकट्या?"

"नागपूरहून इथे काय वरात घेऊन आले होते?"

"तेव्हा व्हीलचेअर होती, आई."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कुणाचेही आईवडील येणार असले की विमानतळावर व्हीलचेअर बुक करतात. पाय धड असतात. इंग्रजी धड नसतं. खुर्चीत बसलं की ढकलणारा माणूस बरोबर नेऊन सोडतो, कुणाला काही विचारावं लागत नाही. टेकड्या चढणारी माणसं सिअॅटलला खुर्चीतून बाहेर येतात आणि मुलगा दिसला की उठून चालू लागतात. आईही तशीच आली होती.

"मग करा बुक," आई म्हणाली. "त्यात काय."

जूनच्या शेवटी आम्ही निघालो. आई दारात उभी होती. ती आठवडाभर घरी एकटी राहणार होती, रोज डोकावायचं बेलव्ह्यूच्या काकूंनी कबूल केलं होतं, आणि विमानतळावर सोडायचंही. आरव्ही वळली तेव्हा मला ती आरशात दिसली. हात हलवत नव्हती, कंपाउंडवरची ओली पानं झाडत होती. मला रडू आलं. मुलीने टिश्यूचा खोका पुढे केला.

सीमेवर गाड्यांची बरीच मोठी रांग होती. नवऱ्याने शर्ट बदलला होता. काच खाली झाली, कार्डं पुढे गेली. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, कुठे चाललात, किती दिवस, बंदूक आहे का. मग कार्डं परत दिली आणि पुढच्या गाडीकडे पाहिलं. झालं. नवऱ्याने थोडं पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. "एवढंच?" तो म्हणाला. मी त्याला पाण्याची बाटली दिली. पुढे युकॉनपर्यंत त्याने गाडी छान चालवली. डोक्यावरचा पलंग रिकामाच होता. त्यावर आम्ही ब्लँकेटं टाकली.

फेअरबँक्सच्या विमानतळावर आम्ही लवकर जाऊन उभे राहिलो. प्रवासी आले, पांगले. आई दिसेना. मग दारातून एक धिप्पाड माणूस व्हीलचेअर ढकलत आला. खुर्चीत आईची बॅग बसली होती, तिला पट्टाही लावलेला होता. आई शेजारून चालत होती, एक हात बॅगेवर ठेवून, आणि त्या माणसाला बोटाने हवेत काहीतरी काढून दाखवत होती. जवळ आल्यावर कळलं. ती त्याला पृथ्वी कशी कलते ते सांगत होती. मराठीत.

भाड्याची आरव्ही वरच्या कच्च्या रस्त्यावर न्यायला परवानगी नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही पर्यटकांच्या व्हॅनमधून उत्तरेला निघालो. झाडं बारीक होत गेली, मग खुजी झाली, मग संपली. एका उघड्या टेकाडावर व्हॅन थांबली. डास इतके होते की मुलगी टोपी ओढून परत गाडीत जाऊन बसली. नवरा दूर वाऱ्यात उभा होता. आई हळूहळू पायवाटेच्या कडेने गेली आणि गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसली.

जमिनीवर करड्या दगडफुलाचे थर होते. आणि त्यांच्यामधून बोटाच्या पेराएवढी फुलं, पांढरी, जांभळी, पिवळी, नजर जाईल तिथपर्यंत. आईने हात टेकला. जमीन खाली गार होती, वरून उबदार.

"फुलांचं एक वाक्य होतं पुस्तकात," ती म्हणाली. "थोड्या दिवसांच्या उन्हाळ्यात इथे फुलं येतात. मी ते शिकवलंच नाही कधी. परीक्षेला येत नसे, आणि पोर्शन संपवायचा असे. शेवाळ, दगडफूल, खुरटी झुडपं, बास. एवढ्या पोरी हातून गेल्या." तिने एका फुलाला बोट लावलं, तोडलं नाही. "आता कुणाला सांगू?"

डास चावत होते. व्हॅनच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी तिच्यासमोर ओल्या जमिनीवर मांडी घातली आणि हात वर केला.

"बाई," मी म्हटलं, "मला सांगा."