डावा कोपरा दिला आणि जावई घेतला

हंगाम अर्ध्यावर आला तेव्हा आमच्या गावाचा कबड्डीचा संघ आठ संघांत आठवा होता. सातपैकी सहा सामने हरलेला. आणि हरायची रीत तरी बघावी! दर रविवारी पहिल्या डावात पुढं, दुसऱ्या डावात सगळे हुरड्याला आलेल्या पाहुण्यांसारखे उभे. मी शाळेच्या भिंतीला पाठ लावून सामना बघायचो. म्हणजे पाठ लावून असं मी म्हणतो. बायकोचं म्हणणं वेगळं. "तुमी कुठं उभं ऱ्हाताव? नुसत्या येरझाऱ्या घालताव. माणसं मॅच सोडून तुमालाच बघायलेत."

ही स्पर्धा घाटनांदूरच्या आसपासची आठ गावं मिळून भरवतात. रब्बीची पेरणी उरकली की सुरू होते, ज्वारी काढणीला आली की संपते. दर रविवारी दुपारी चारला सामने. ज्याचा शेवटचा नंबर येईल ते गाव पुढच्या वर्षी बाहेर, आणि बाहेर ताटकळलेल्या गावांपैकी एक आत. एकदा बाहेर पडलेलं गाव परत आत आलेलं मी तरी बघितलेलं नाही. या गावाकडून चौदा वर्षं मी डावा कोपरा खेळलो. माझ्या डोळ्यांदेखत गावाचं नाव पाटीवरून पुसलं जाणार, या विचारानं मला अन्न गोड लागत नव्हतं.

घाटनांदुरात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या पाणमोटारी जळाल्या की लोक माझ्याकडं आणतात, मी आतली तार काढून नवी भरतो. हाताला काम असतं, तोंड मोकळं असतं. त्यामुळं त्या दिवसांत ज्यानं ज्यानं मोटार आणली त्यानं माझी मतं ऐकली. विचारली नव्हती तरी ऐकली.

मतं काय थोडी होती? कर्णधार माझा सख्खा पुतण्या, पण खरं ते खरं. पाचांतल्या चार चढाया स्वतःच करायचा आणि बोनसला पाय लावून परत पळायचा. अरे बाबा, एक एक गुणानं लोण चढतं का? मधले दोघे चुलतभाऊ. त्यांचं बांधावरून वाजलेलं. पकडीच्या वेळी साखळी करायची तर एकमेकांचा हात धरावा लागतो, हे दोघं बोटाला बोट लावायला तयार नाहीत. मध्ये हीऽऽ फट! समोरचा चढाईवाला त्यातून म्हशीसारखा निवांत निघून जायचा. आणि डावा कोपरा. तो आमच्या फाट्यावरचा पंक्चरवाला. पस्तिशीचा, पोट सुटलेला. घोटा धरायला मीच शिकवलेला, म्हणून मला अजून वस्ताद म्हणतो.

आता कबूल करतो, सगळ्या संघात कमी चुका त्याच्याच होत्या. पण माझा राग सगळ्यात जास्त त्याच्यावर. माझ्या जागेवर उभा होता ना! त्याच्या हातून एक घोटा सुटला की मला वाटायचं, माझ्याच हातून सुटला. "ह्येला काढा," मी येईल त्याला सांगायचो. "कोपऱ्याचं काय, कुणीबी उभं ऱ्हाईल. आपल्याला चढाईवाला पायजे."

स्पर्धेचा नियम असा, की खेळाडू एक तर गावचा पोरगा पाहिजे नाही तर गावचा जावई. आणि हंगामाच्या मध्यावर प्रत्येक गावाला एकच बदल करता येतो, एक सोडायचा, एक घ्यायचा. पुतण्या दुकानात येऊन डोक्याला हात लावून बसला तेव्हा मी पकड खाली ठेवली आणि म्हणालो, "डावा कोपरा सोड. आपले जावई आण."

आपले म्हणजे माझेच. माझी एकुलती एक लेक पालीला दिलीय. जावई तिकडं लाइनमन आहेत. अंबाजोगाईला कॉलेजात होते तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते मैदानावर. एका चढाईत तिघांना बाद करून हसत परत आले. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, स्थळ बघितलं. बायको आजही ऐकवते, "तुमी पोरीला नवरा न्हाई बघितला, रेडर बघितला."

मी फोन केला. सगळं सांगितलं, गावाची इज्जत वगैरे वगैरे. पलीकडं जरा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "बरं मामा. तुमी म्हणताव तर येतो."

पंक्चरवाल्याला पुतण्यानं निरोप दिला. मी फाट्यावर गेलो तेव्हा त्यानं माझ्या गाडीत हवा भरून दिली, "बरं वस्ताद" म्हणाला आणि टायरमधला खिळा शोधायला लागला. तिसऱ्या दिवशी त्याच्या सासुरवाडीनं त्याला उचललं. तेही आठांतलंच गाव, आमच्या ओढ्यापलीकडचं.

जावई आले त्या रविवारी हलगी लावली. टॉवेल, टोपी, नारळ झालं. त्यांनी तीन गुण आणले, सामना जिंकला, आणि मी गावभर छाती काढून फिरलो. तिथंच आमची अक्कल गहाण पडली, कारण एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती, की जावयाला संघात घेता येतं, पण जावयाला सांगता कुणाला येतं?

आमच्याकडं एका घराचा जावई म्हणजे सगळ्या गावाचा जावई. सरावाला त्यांच्या पायाला हात घालायला कुणी तयार नाही. ते चढाईला आले की सगळे बाजूला सरकून वाट द्यायचे. असा काय सराव होतो, कपाळ! सामन्यात पुतण्या त्यांना विचारणार, "पाव्हणं, जाता का? का बसता जरा?" हे बोलेपर्यंत पंचाची शिट्टी. चुकीच्या बाजूनं शिरून बाद झाले तरी आमच्या लोकांच्या टाळ्या. तिसऱ्या रविवारी दोन चढायांत दोनदा बाद. चौथ्या रविवारी तर रेषा ओलांडून नुसतं उभं राहून परत आले. लोक माझ्याकडं बघायला लागले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं कुणीतरी मागून म्हणालंही. माझा आवाज तीन गावांत माहीत असलेला, आणि मी गप्प. सासऱ्यानं चारचौघांत जावयावर ओरडायचं? लेक नांदते तिथं. नुसता तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग सगळा राग घरी निघायचा. एका रविवारी सामन्याआधी जेवायला बसलो. बायकोनं पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी काढली. जावई दारातच थांबले आणि म्हणाले, "मामी, खुर्ची हाय का?"

खुर्ची! माझ्या घरात जावई पाटावर बसतो. मी वर बघितलंच नाही, भाकरी कुस्करत राहिलो. ते गेल्यावर बायकोला म्हणालो, "बघितलं का? संघात घेतलं तर खुर्ची मागायलेत. उद्या पालखी मागतील. उगं न्हाई म्हणत, जावई दहावा ग्रह असतो."

"त्यांचं कायतरी दुखत असंल," ती म्हणाली.

"दुखत न्हाई, चढलंय."

तिनं पाट जरा आपटूनच उचलला.

रात्रंदिवस डोक्यात तेच. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. दुकानात तार भरताना वेढे मोजायचे असतात. मी मध्येच विसरायचो आणि सगळी तार परत उसवायचो. एका गिऱ्हाइकाला म्हणालो, डावा कोपरा सोडायला नको होता. तो म्हणाला, "सोडा म्हणणारे तुमीच व्हताव की." मी त्याची मोटार दोन दिवस जास्त ठेवली.

नशीब एवढंच, की अजून एक गाव आमच्याइतकंच वाईट खेळत होतं. शेवटचा रविवार आला तेव्हा हिशेब सरळ होता. आम्ही जिंकलो तर सातवे आणि आत. हरलो तर आठवे आणि बाहेर. सामना कुणाशी? ओढ्यापलीकडच्या गावाशी. त्यांच्या डाव्या कोपऱ्यात आमचा पंक्चरवाला, पोटावर त्यांचा बनियन ताणून उभा.

पहिल्या डावात जावयांनी तीन चढाया केल्या. तिन्ही वेळा पंक्चरवाल्याच्या हाताखालून गेले. एकदा तर उजवा पाय त्याच्या तोंडापुढं होता, मी डाव्या हातानंसुद्धा धरला असता. यानं हात पुढं केला आणि मागं घेतला. मी मनात म्हणालो, शाब्बास रे पठ्ठ्या, शेवटी मीठ आमच्या गावचं खाल्लंस. अर्ध्याला आम्ही एका गुणानं पुढं होतो. मला भिंतीला पाठ लावणं शक्यच नव्हतं. मी पाण्याच्या टाकीपाशी येरझाऱ्या घालत होतो, तिथंच तो पाणी प्यायला आला.

"सोडून दिलंस व्हय रं?" मी हळूच म्हणालो, खुशीत.

त्यानं तांब्या खाली ठेवला. "गावासाठी न्हाई सोडलं वस्ताद. त्या गुडघ्याला हात लावायची हिंमत न्हाई झाली."

"कोणत्या गुडघ्याला?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "तुमाला म्हाईत न्हाई? आवो, उजव्या पायावर भार देईनात ते. मधल्या सुट्टीत पट्टी सोडून परत बांधायलेत, बघा तिकडं. घोटा धरून वढला आसता तर गुडघा कायमचा निकामी झाला आसता. खांबावर चढायचं काम हाय त्यांचं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमीच शिकवलंत मला, आधी पाय बघायचा, मग धरायचा. तुमी तर समोरच उभं व्हतात."

मी मान वळवली. जावई शाळेच्या पायरीवर पाठमोरे बसले होते, उजवा पाय सरळ लांबवून, आणि चड्डीखाली गुडघ्यावर पट्टी गुंडाळत होते. माणसं आली की टॉवेल टाकून झाकत होते.

खुर्ची आठवली. फोनवरची ती रेंज गेल्यासारखी शांतता आठवली. अरे, चौदा वर्षं मी समोरच्याचे पाय वाचत उभा राहिलो, आणि घरात जेवायला आलेल्या माणसाचे पाय मला दिसले नाहीत! मी त्यांना नाही म्हणू शकत नव्हतो हे मला कळत होतं. तेही मला नाही म्हणू शकत नव्हते, हे मला कुठं कळलं?

दुसरा डाव सुरू झाला. गुण खालीवर, खालीवर. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा बरोबरी. पुतण्या बाद होऊन बाहेर बसलेला. बाहेरूनच हात जोडून म्हणाला, "पाव्हणं, तुमीच जावा आता." हलगी वाजायला लागली. सगळं गाव ओरडत होतं, जावईबापू, जावईबापू! ते वळले. रेषेकडं निघाले. उजवा पाय टेकला की ओठ दाबले जात होते. हे आता मला आंधळ्यालाही दिसत होतं.

पंक्चरवाल्याच्या शेजारी, कोपऱ्याला साथ द्यायला, त्यांचा डावा कव्हर होता, विशीतला, बैलाच्या ताकदीचा. तो आमच्या गावचा नव्हता. त्याला काय जावई आणि काय कोण?

"थांबा!" मी ओरडलो.

तीन गावांत माहीत असलेला आवाज. हलगी थांबली.

"जावईबापू, बाहेर या! चढाई करायची न्हाई. बसा खाली!"

गावासमोर जावयाला हुकूम. बायाबापड्यांनी तोंडाला पदर लावला. पुतण्या धावत आला, "काका, वेड लागलं का? तीन मिन्टं हायेत!" मी म्हणालो, "बदली पाठव. न्हाई तर मी मदी येऊन झोपतो." पंचानं शिट्टी वाजवली. मला वाटलं, आता हे गाडी काढून सरळ पालीला जाणार, आणि लेकीचं माहेर तुटणार.

ते आले. लंगडत, आता न लपवता. माझ्याशेजारी भिंतीला टेकून खाली मातीत बसले. आजवर माझ्यासमोर मांडी घालून, पाय आत घेऊन बसणारा माणूस. त्यांनी उजवा पाय सरळ माझ्याकडं लांब केला.

"मामा," म्हणाले, "लई दुखायलंय."

मी पाय उचलून मांडीवर घेतला आणि पट्टी सोडली. गुडघा कवठासारखा सुजला होता, हाताला गरम लागत होता. "कवापासून?" विचारलं तर म्हणाले, "तुमचा फोन आला त्याच्या आधीपासून." मी नुसता तळहात ठेवून बसलो. दाबायचीही भीती वाटत होती. मैदानात पायांची धप्प धप्प चालू होती, पंच गुण पुकारत होता. आयुष्यात मी शेवटची चढाई चुकवलेली नाही. ती चुकली. शिट्टी झाली आणि मोठा कल्ला उठला तो ओढ्यापलीकडच्या माणसांचा.

"गेलं का?" जावयांनी डोळे मिटूनच विचारलं.

"गेलं," मी म्हणालो. "तुमी पाय हलवू नका."